ऑटोमेशनमधली अट चुकतेय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉर्म भरला की शीटमध्ये नोंद, नोंद झाली की अट तपासायची, अट बसली तर एक मेसेज, नाही बसली तर दुसरा. सांगली-मिरज भागातल्या छोट्या धंद्यांना, क्लासना आणि सोसायट्यांना मी अशी ऑटोमेशन बांधून देतो. बांधायला दोन तास लागतात. नंतर जे फोन येतात, त्यातले बहुतेक अटीबद्दलचे असतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं गूगल शीट आणि एन-एट-एन, झॅपियर, मेक, पॉवर ऑटोमेट या ऑटोमेशन बांधायच्या साधनांतली आहेत, पण दुखणं सगळीकडे सारखंच असतं. पायऱ्यांची ही साखळी म्हणजे वर्कफ्लो, आणि ती एकदा चालली की झाला एक रन. अटीनंतर रस्ता जिथे फुटतो त्याला मी फाटा म्हणतो: खरं ठरलं तर एक फाटा, खोटं ठरलं तर दुसरा.

सगळे रन हिरवे दिसतात, एकही एरर नाही, तरी मेसेज भलत्यालाच गेला. सुरुवात कुठून करू?

अटीच्या पायरीत त्या वेळी नेमकी काय व्हॅल्यू शिरली, ते आधी बघा. शीटमध्ये आत्ता जे दिसतंय ते पाहून उपयोग नाही, कारण मध्ये कोणीतरी ते दुरुस्त केलेलं असू शकतं. रनची हिस्ट्री उघडा, ज्या माणसाचा मेसेज चुकला त्याचाच रन शोधा आणि अटीच्या पायरीवर टिचकी मारून इनपुट वाचा. पॉवर ऑटोमेटमध्ये ही हिस्ट्री २८ दिवसच राहते, म्हणून तक्रार आली की त्याच दिवशी बघून घ्या.

हिरवा रंग म्हणजे पायरी पार पडली, एवढंच. अट खोटी ठरणं ही सॉफ्टवेअरच्या लेखी चूक नाहीच. त्याला प्रश्न विचारला, त्याने "नाही" असं उत्तर दिलं, काम झालं. झॅपियरमध्ये फिल्टरने अडवलेला रनसुद्धा एररच्या यादीत येत नाही, "फिल्टर्ड" म्हणून वेगळा दिसतो. ती यादी कोणी उघडत नाही, आणि हरवलेल्या ऑर्डरी नेमक्या तिथेच पडून असतात.

व्हॅल्यू समोर आली की ती टेक्स्ट आहे, नंबर आहे, तारीख आहे की खरं-खोटं आहे, हे ठरवा. मग तिच्यात न दिसणारं काही आहे का ते बघा. त्यासाठी मी अटीच्या आधी एक तात्पुरती पायरी घालतो. ती व्हॅल्यू चौकटी कंसात छापते आणि शेजारी अक्षरांची संख्या लिहिते. "हो" या उत्तरासाठी [हो] आणि २ यायला हवं. [हो ] आणि ३ आलं, तर शेवटी एक स्पेस आहे. फोनच्या कीबोर्डवर सुचवलेला शब्द निवडला की पुढे स्पेस आपोआप पडते, त्यामुळे हे फारच नेहमीचं आहे.

ऑर्डर ९०० रुपयांची होती, तरी "१००० च्या वर" या अटीत कशी बसली?

दोन्ही बाजू टेक्स्ट होत्या म्हणून. टेक्स्टची तुलना शब्दकोशासारखी होते, पहिलं अक्षर पहिल्या अक्षराशी. नऊ हा एकापेक्षा मोठा, म्हणून "९००" हे "१०००" पेक्षा मोठं ठरतं. फॉर्ममधून आलेली उत्तरं बहुतेक वेळा टेक्स्ट म्हणूनच येतात, मग माणसाने आकडा का भरेना. गूगल शीटच्या फॉर्म-सबमिट ट्रिगरमधून (फॉर्म आला की कोड सुरू करणारी सोय) गूगलच्या कोड लिहायच्या साधनाला, म्हणजे अ‍ॅप्स स्क्रिप्टला मिळणारी उत्तरं टेक्स्ट असतात, मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समधली पॉवर ऑटोमेटला मिळणारीही.

प्रत्येक साधन यावर वेगळं वागतं, आणि गोंधळ तिथून वाढतो. पॉवर ऑटोमेटमध्ये टेक्स्टची नंबरशी लहान-मोठी तुलना केली तर तो सरळ एरर देऊन थांबतो. मला हे वागणं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. जावास्क्रिप्ट या कोडच्या भाषेवर चालणाऱ्या ठिकाणी एक बाजू नंबर असेल तर टेक्स्टचा नंबर करून बघितला जातो, पण "१,२००" मधला स्वल्पविराम किंवा पुढे लावलेलं रुपयाचं चिन्ह आलं की तो नंबर होत नाही. मग मोठा का, लहान का, समान का, काहीही विचारा, उत्तर "खोटं" येतं. एक्सेलचं याच्या बरोबर उलटं आहे. तिथे कुठलंही टेक्स्ट कुठल्याही नंबरपेक्षा मोठंच धरलं जातं, म्हणून "१,२०० रु." असं लिहिलेली ओळ लाखाच्या अटीतही बसते. तोच सेल, तीच अट, आणि दोन ठिकाणी दोन उत्तरं.

उपाय: अटीच्या आधी एक पायरी घाला, ज्यात स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह, "रु." आणि स्पेस काढून नंबरात रूपांतर होईल. अट त्या स्वच्छ नंबरावर लावा. एन-एट-एनच्या इफ नोडमध्ये, म्हणजे अटीच्या पायरीत, प्रकार आपोआप बदलून घ्यायचा पर्याय आहे, पण तो लावला तरी रुपयाचं चिन्ह त्याला काढता येत नाही.

आमचे ग्राहक मराठीत आकडे लिहितात. त्याने फरक पडतो का?

पडतो, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. माणसाला पाचशे म्हणजे पाचशे, मग तो देवनागरी आकड्यांत असो वा इंग्रजी. जावास्क्रिप्टला देवनागरी आकड्यांतलं पाचशे हा नंबर वाटतच नाही. मोठं असो, लहान असो, अट खोटीच. पायथॉन या दुसऱ्या भाषेत मात्र तेच देवनागरी आकडे पूर्णांकात बदलायला सांगितले की तो बिनतक्रार बदलून देतो. म्हणून एकाच वर्कफ्लोत कोडची एक पायरी पायथॉनमध्ये आणि अट जावास्क्रिप्टवर असेल, तर चूक शोधताना डोकं चक्रावतं.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. हजाराच्या वर ऑर्डर असेल तर घरपोच मोफत, अशी अट होती. फॉर्ममध्ये रक्कम ग्राहकानेच भरायची. ज्या आजी-आजोबांनी नातवाकडून फोनचा कीबोर्ड मराठी करून घेतला होता, त्या सगळ्यांना "डिलिव्हरीचे पैसे भरा" असा मेसेज गेला. दोन-दोन हजारांची ऑर्डर देणारी तीच जुनी माणसं होती. ताईंनी एकेकाला फोन करून समजूत घातली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्कफ्लोत देवनागरीचे दहा आकडे इंग्रजी करून घेणारी एक पायरी असते, गरज वाटो वा न वाटो.

फॉर्ममध्येच अडवायचं असेल तर गूगल फॉर्ममध्ये उत्तराच्या पडताळणीत रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना ठरवणारा नियम) लावून फक्त इंग्रजी शून्य ते नऊ चालतील असं करता येतं. पण त्याने ग्राहकाला आपल्याच भाषेत आकडा लिहिला म्हणून लाल अक्षरांत सूचना वाचावी लागते. मला ते पटत नाही. आतून बदलून घेणं आपल्या हातात आहे.

दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात, तरी अट "समान नाही" म्हणते. हे कसं?

स्पेसचं वर आलंच. वर्ड किंवा वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस येते, ती जादा स्पेस काढणाऱ्या एक्सेलच्या ट्रिम फंक्शनने जात नाही. ती वेगळी बदलून काढावी लागते.

मराठीची आणखी एक खास अडचण आहे. कऱ्हाड हे गावाचं नाव घ्या. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त देतात आणि पुढे ह घेतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ह असं लिहितात. पडद्यावर काडीचा फरक नाही. दोन्ही सेलांवर अक्षरं मोजणारं लेन फंक्शन लावा: एकात ६ येतील, दुसऱ्यात ७. मशीनसाठी हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी ते एक होत नाहीत. एक रूप निवडून दुसरं त्यात बदलणारी पायरी स्वतः लिहावी लागते. शिवाय निम्मी माणसं "कराड" लिहितात, ते वेगळंच.

म्हणून गावाचं नाव, शाखा, पदार्थ असं जे काही अटीत जाणार आहे, ते टाइप करून घेऊ नका. यादीतून निवडायला द्या. एवढ्या एका बदलाने अर्धे फोन थांबतात.

"सांगली आणि मिरजच्या ग्राहकांना पाठवा" अशी अट घातली, एकालाही मेसेज गेला नाही.

इथे मराठीच आपल्याला चकवते. बोलताना आपण "सांगली आणि मिरजचे ग्राहक" म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, कारण आपल्या डोळ्यांसमोर दोन गटांची बेरीज असते. अट मात्र एका वेळी एकच ग्राहक बघते. तिने विचारलं, "याचं गाव सांगली आहे आणि मिरजही आहे का?" एकाच माणसाचं गाव एकाच वेळी दोन्ही कसं असेल? तिथे "किंवा" हवं.

नकारात याच्या उलट फसगत होते. "सांगली किंवा मिरज नसेल तर कुरिअरने पाठवा" हे बोलायला सोपं. अटीच्या रकान्यांत ते असं भरलं जातं: गाव सांगली नाही, किंवा गाव मिरज नाही. आता सांगलीचा ग्राहक आला. पहिला भाग खोटा, पण दुसरा खरा, कारण त्याचं गाव मिरज नाही. मिरजेचा आला तर पहिला खरा. म्हणजे ही अट जगातल्या प्रत्येक माणसासाठी खरी आहे, आणि शेजारच्या गल्लीतलं पार्सलही कुरिअरने जाईल. इथे "आणि" लागतं: सांगली नाही आणि मिरजही नाही.

सवय लावून घ्यायची असेल तर ही लावा. अट भरण्याआधी एक खरा ग्राहक डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या नावाने वाक्य मोठ्याने म्हणा: "या काकूंचं गाव सांगली आहे किंवा मिरज आहे." अनेकवचनात विचार केला की चूक होते, एकवचनात ती लगेच कानाला खटकते.

"आणि", "किंवा" एकत्र आले की गट पाडा. "सांगली किंवा मिरज, आणि ऑर्डर हजाराच्या वर" यात कंस कुठे आहे ते साधनाला माहीत नसतं. झॅपियर आणि मेक "आणि"चे गट करून ते "किंवा"ने जोडतात. त्यामुळे तिथे दोन गट करावे लागतात: सांगली आणि हजार, किंवा मिरज आणि हजार. हजाराची अट दोनदा लिहायचा कंटाळा करू नका. दुसऱ्या गटात ती राहून गेली, की मिरजेला शंभर रुपयांची ऑर्डरही मोफत जाते.

"समान" ऐवजी "मध्ये आहे" वापरलं तर सुरक्षित ना?

एका ठिकाणी ते वापरावंच लागतं. गूगल फॉर्ममध्ये एकाहून जास्त खुणा करायचा प्रश्न असेल तर सगळी उत्तरं स्वल्पविरामाने जोडून एकाच सेलात येतात: "चकली, शंकरपाळी, बेसन लाडू". तिथे "चकलीशी समान" ही अट फक्त चकली घेणाऱ्यालाच बसेल.

पण "मध्ये आहे" ही अट आंधळी असते. "लाडू" शोधलं तर बेसनाचा, रव्याचा, डिंकाचा, सगळे सापडतील. "हो" शोधलं तर "नको होतं" यातही ते सापडतं, आणि नकार देणाऱ्याची ऑर्डर पक्की होते. मोकळ्या उत्तरावर "मध्ये आहे" लावायचं मी टाळतो.

"ने सुरू होतं" याचंही तसंच. एकाने जवळची डिलिव्हरी ठरवायला पिनकोड ४१६ ने सुरू होतो का, अशी अट लावली होती. सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, सगळं बरोबर चालत होतं. मग सावंतवाडीहून ऑर्डर आली, पिनकोड ४१६५१०. घाटाखालच्या गावाला "आज संध्याकाळी पोचवतो" असा मेसेज गेला. पिनकोडचे पहिले तीन आकडे टपाल खात्याच्या छाटणीसाठी असतात, आपल्या टेम्पोच्या पल्ल्यासाठी नाहीत. इथे पूर्ण सहा आकड्यांची यादीच हवी.

रकाना रिकामा आहे, तरी "रिकामा आहे का" ही अट खोटी का ठरते?

रिकामं असण्याचे बरेच प्रकार आहेत. रकाना आलाच नाही, आला पण आत नल (काहीच नाही, अशी खूण) आहे, आत शून्य लांबीचं टेक्स्ट आहे, आत फक्त एक स्पेस आहे, किंवा कोणीतरी "-" किंवा "एनए" लिहून ठेवलंय. माणसाच्या लेखी हे सगळं रिकामंच. आधी ट्रिम करा, मग "रिकामं किंवा नल" दोन्ही तपासा.

शून्य ही व्हॅल्यू आहे, रिकामेपणा नाही. जावास्क्रिप्टमध्ये "व्हॅल्यू आहे का" असं मोघम विचारलं तर शून्यालाही "नाही" असं उत्तर येतं, आणि बाकी शून्य असलेल्या, म्हणजे पूर्ण पैसे भरलेल्या माणसाला "रक्कम भरली नाही" असा मेसेज जातो. चेकबॉक्सचंही असंच: खरं-खोटं ही व्हॅल्यू कुठेतरी टेक्स्टमध्ये बदलली गेली, तर "फॉल्स" हा शब्द स्वतः रिकामा नसल्यामुळे खरा धरला जातो.

"ग्राहक सापडला नाही तर नवीन नोंद करा" हा फाटा कधीच चालत नाही.

कारण वर्कफ्लो अटीपर्यंत पोचतच नाही. एन-एट-एनमध्ये शोधणाऱ्या नोडला काही सापडलं नाही तर तो पुढे एकही आयटम (म्हणजे नोंद) देत नाही, आणि आयटम नसला की पुढचा नोड चालत नाही. त्या शोध-नोडच्या सेटिंगमध्ये "ऑल्वेज आउटपुट डेटा" चालू करा, म्हणजे एक रिकामा आयटम तरी पुढे जातो आणि अटीला "सापडला नाही" हे कळतं. झॅपियरच्या सर्च पायरीतही, काही न सापडल्यास ती पायरी यशस्वी मानायची का, हा पर्याय असतो. अटीत दहा वेळा बदल करण्याआधी ती अट चालली तरी का, हे बघा.

एका ऑर्डरला दोन-दोन मेसेज गेले, दोन्ही फाटे चालले.

बहुतेक तुमच्या अटी एकमेकींवर चढल्या आहेत. "हजाराच्या वर" आणि "पाच हजारांच्या वर" असे दोन फाटे असतील तर सहा हजारांची ऑर्डर दोन्हींत बसते. झॅपियरचे पाथ्स आणि मेकचा राउटर, जे जे फाटे बसतील ते सगळे चालवतात. एन-एट-एनचा स्विच नोड मूळ सेटिंगला पहिला बसणारा फाटा घेऊन थांबतो, म्हणून तिथे मोठी रक्कम वर लिहावी लागते. साधन बदललं की ही वागणूकही बदलते, आणि एकाकडून दुसऱ्याकडे वर्कफ्लो हलवताना हेच विसरलं जातं.

मी दोन्ही टोकं लिहितो: १००० किंवा जास्त आणि ५००० पेक्षा कमी. दुसरा फाटा: ५००० किंवा जास्त. असं लिहिलं की क्रम काही का असेना. आणि ठरवताना धंदेवाल्याला बरोब्बर हजाराची ऑर्डर आली तर काय, हे विचाराच. "हजारच्या वर", "हजारपासून", "हजारपर्यंत" हे शब्द बोलताना सगळेच सैल वापरतात.

एक आयटम एका फाट्यावर आणि दुसरा दुसऱ्यावर गेला, असंही असू शकतं. एकाच रनमध्ये वीस ओळी आल्या तर एन-एट-एन प्रत्येक ओळीला अट वेगळी लावतो, आणि दोन्ही फाटे चाललेले दिसतात. त्यात चूक काही नाही.

तारखेच्या अटी कधी बरोबर चालतात, कधी नाही.

दोन कारणं नेहमीची. पहिलं शीटच्या लोकॅलचं, म्हणजे देशाच्या सेटिंगचं. गूगल शीटच्या सेटिंगमध्ये लोकॅल अमेरिका असेल तर ०३/०४ ही ३ एप्रिल नसून ४ मार्च होते. २५/०४ मध्ये पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीखच होत नाही, टेक्स्ट राहते. परिणाम असा की महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या नोंदी उलट्या होतात आणि तेराव्या दिवसापासूनच्या नोंदी अटीत बसत नाहीत. "महिन्याच्या मध्यानंतर बिघडतं" अशी तक्रार आली की मी आधी लोकॅलच बघतो. ते भारत करा, पण जुन्या नोंदी एकदा हाताने तपासा.

दुसरं कारण साडेपाच तासांचं. बरीच साधनं आतून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतात. आपली वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे, म्हणजे रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये आलेल्या नोंदीला यूटीसीत कालची तारीख असते. १ एप्रिलला पहाटे दोनला आलेली पावती ३१ मार्चच्या, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षाच्या फाट्यावर जाते. स्वतःच्या सर्व्हरवर एन-एट-एन चालवत असाल तर त्याची मूळ वेळ न्यूयॉर्कची असते, ती एशिया-कोलकाता करा. अ‍ॅप्स स्क्रिप्टच्या प्रोजेक्टची टाइमझोन शीटपेक्षा वेगळी असू शकते, दोन्हीकडे बघा. पॉवर ऑटोमेटमध्ये वेळ बदलून घेणारी पायरी अटीच्या आधी टाका.

तारखेच्या जागी ४५६५८ असा आकडा दिसला तर घाबरू नका. शीट आणि एक्सेल तारीख दिवसांच्या मोजणीत साठवतात, आणि हा आकडा म्हणजे १ जानेवारी २०२५.

पैसे भरले होते, तरी तीन दिवसांनी "फी भरा" असा मेसेज गेला. अट तर होती.

अट वाट पाहण्याच्या आधी होती. एका क्लाससाठी मीच हे असं बांधलं होतं: नोंद झाली, फी बाकी आहे का तपासलं, तीन दिवस थांबायचं, मग आठवण. पालकांनी दुसऱ्या दिवशी पैसे भरले. वर्कफ्लोच्या हातात मात्र पहिल्या दिवशीचा "बाकी" हाच शब्द होता, कारण रन सुरू होताना घेतलेला डेटा थांबण्याच्या काळात आपोआप ताजा होत नाही. एका वडिलांना पावती घेऊन क्लासच्या दारात यावं लागलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. माणसाने वेळेवर पैसे भरावेत आणि आपण त्याला थकबाकीदार म्हणावं, हे बरोबर नाही.

थांबण्याच्या पायरीनंतर शीटमधली ती ओळ पुन्हा वाचा आणि ताज्या व्हॅल्यूवर अट परत लावा. पैसे, हजेरी, तब्येत यांबद्दलचा मेसेज असेल तर यात सूट नको.

एकच मेसेज दोनदा का जातो, "पाठवला" अशी खूण तपासूनही?

दोन रन जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात. पहिल्याने खूण लिहायच्या आत दुसऱ्याने ती तपासलेली असते. मेसेज पाठवल्यावर खूण करण्याऐवजी आधी "पाठवत आहे" अशी खूण करा, मग पाठवा. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणारी लॉक सर्व्हिस आहे. बाकी ठिकाणी एका वेळी एकच रन चालेल असं सेटिंग असेल तर ते लावा. आणि वर्कफ्लो ज्या ओळीतल्या बदलामुळे सुरू होतो, त्याच ओळीत तो काही लिहीत असेल, तर तो स्वतःलाच पुन्हा हाक मारतो. तेही बघा.

अट चालू करण्याआधी कशी तपासू?

प्रत्येक फाट्यासाठी एक खोटी नोंद, आणि सीमेवरच्या तीन: ९९९, १०००, १००१. त्यात माझी ठरलेली भर: देवनागरी आकड्यांची एक, शेवटी स्पेस असलेली एक, पूर्ण रिकामी एक, आणि पहाटे दोनची एक. या नोंदी शीटच्या वेगळ्या टॅबवर ठेवा, पुसू नका. अटीत काही बदल केला की सगळ्या पुन्हा चालवा. मेसेजचा नंबर मात्र आधी स्वतःचा करा.

अटीत अट, त्यात अट, आता मलाच कळेना. काय करू?

सात-आठ थरांची अट दुरुस्त करत बसू नका, ती शीटमध्ये काढा. एका टॅबवर पिनकोड आणि समोर डिलिव्हरीचा प्रकार, असा साधा तक्ता. वर्कफ्लो त्यात शोधतो आणि जे सापडेल ते करतो. उद्या नवीन गाव जोडायचं झालं तर धंदेवाली व्यक्ती स्वतः एक ओळ वाढवेल, तुम्हाला फोन करणार नाही. फराळाच्या ताई आता हेच करतात.

"नाहीतर" च्या फाट्यावर काय ठेवू? मला तिथे काहीच करायचं नसतं.

रिकामा ठेवू नका. मी या एका गोष्टीवर अडून बसतो, बिल कमी करा पण ही पायरी राहू द्या असं सांगतो. कुठल्याच अटीत न बसलेली नोंद "तपासायचे" नावाच्या टॅबवर जाऊ द्या, सोबत ती व्हॅल्यू जशी आली तशी, चौकटी कंसात. मेकमध्ये आणि झॅपियरच्या पाथ्समध्ये यासाठी फॉलबॅक फाटा मिळतो. वर सांगितलेल्या बहुतेक चुका अशाच मूकपणे "नाहीतर"मध्ये जाऊन पडतात. तिथे कोणीतरी माणूस रोज संध्याकाळी नजर टाकणार असेल, तर चूक एका दिवसाची राहते. त्या माणसाचं नाव टॅबच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

मदत मागताना काय पाठवू?

"चालत नाही" एवढ्यावरून काही सांगता येत नाही. ज्या रनमध्ये चुकलं त्याच्या अटीच्या पायरीचा स्क्रीनशॉट, इनपुट दिसेल असा. कुठला फाटा चालायला हवा होता, कुठला चालला. आणि तीच अट बरोबर चाललेल्या दुसऱ्या एका रनचा स्क्रीनशॉट. दोन्ही शेजारी ठेवले की निम्म्या वेळा विचारणाऱ्यालाच फरक दिसतो. पाठवण्याआधी ग्राहकाचं नाव, फोन नंबर आणि पत्ता झाकायला विसरू नका.